फिटनेस बँड की स्मार्टवॉच? आमच्या ओटीवरचा वाद

गणपतीत चाकरमानी घरी आले की ओटीवर हल्ली एक नवा प्रश्न असतो: "आज पावलं किती?" माझ्या मनगटावर साधा बँड, धाकट्या भावाच्या हातात स्मार्टवॉच.

त्याच्या घड्याळात जीपीएस आहे. फोन घरी ठेवूनही भाट्याच्या किनाऱ्यावर किती चाललो ते कळतं, आणि फोन जवळ असला की आलेला कॉल मनगटावरूनच घेता येतो. पण रोज रात्री चार्जिंग! रत्नागिरीच्या पावसात वीज गेली की त्या घड्याळाची नुसती बांगडी होते. माझा बँड आठवडाभर आरामात चालतो, किंमतही बरीच कमी.

पावलांच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच भोळे. आतला सेन्सर हाताची हालचाल टिपतो. त्यामुळे डोक्यावरची पाटी हाताने धरून बाजारात जाणाऱ्या मावशींची बरीच पावलं हिशेबात येतच नाहीत. आणि रोज १०,००० पावलं चालण्याचं एवढं प्रस्थ कशाला? तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ (म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’) या पाऊलमापकाच्या नावातून रुजला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे. आई तर म्हणते, "विहिरीच्या फेऱ्या मोजायला मला यंत्र कशाला हवं?"

समुद्रात उतरलात तर दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, ‘५ एटीएम’ (पाण्याचा दाब किती सोसेल त्याची खूण) लिहिलेलं असलं तरी. दमट हवेत पट्ट्याखाली खाज सुटते, तेव्हा रात्री काढून ठेवलेलं बरं. झोपेची नोंद बुडाली तर बुडाली.

नुसतं चालायचं असेल तर माझं मत बँडलाच. भाऊ अजून ऐकत नाही.