मासळी बंदरावरून घ्यावी की पुरवठादाराच्या गाडीवरून?

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या की दापोली-हर्णै पट्ट्यात पंधरा-वीस खोल्यांचं हॉटेल चालवणाऱ्याला दोनच वाटा असतात. एक, हर्णैच्या लिलावात स्वतः उभं राहणं किंवा आपला माणूस उभा करणं. दुसरी, मुंबईकडच्या पुरवठादाराला रात्री मेसेज टाकणं आणि सकाळी दारात खोका उतरवून घेणं. दोन्ही वापरून झालेत. सोय कशात जास्त आहे यावर वाद नाही, गाडीवाला जिंकतो. बिल मिळतं, परवाना क्रमांक मिळतो, तुकड्या कापून मिळतात, महिन्याने पैसे दिले तरी चालतं. प्रश्न जबाबदारीने खरेदी करायची ठरवल्यावर सुरू होतो.

मला खटकली ती खोक्याच्या तळाची मासळी. वरच्या थरात पापलेटं हातभर नसली तरी बरी असतात. बर्फ बाजूला सारत खाली गेलं की तळहातावर मावणारी निघतात. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये पकडायच्या माशांच्या किमान लांबीची यादी काढली. त्यात पापलेट 135 मिलिमीटर आहे, सुरमई 370. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा ठरवलं. आणि हे तळाचं पापलेट कटिंग बोर्डावरच्या 135च्या खुणेपाशी कसंबसं पोचतं, कधी पोचतही नाही. परत पाठवायचं म्हटलं तर गाडी अकराला येते, साडेबाराला पानं मांडायची असतात. "शेठ, पुढच्या खेपेला वळतं करून घेऊ" हे ठरलेलं उत्तर. पैसे वळते होतात, मासा काही समुद्रात परत जात नाही.

यात पुरवठादाराची एकट्याची चूक नाही, हेही म्हणायला हवं. आपणच त्याला "नग दीडशे ते दोनशे ग्रॅमचा" असं सांगतो, कारण मेनूकार्डावर एका ताटात एक अख्खं पापलेट छापलेलं असतं, फोटोसकट, लॅमिनेट करून. मग तो चार बंदरांवरून तेवढ्याच मापाचे नग गोळा करतो. हा माल कुठल्या होडीचा, कुठल्या जाळ्याचा, हे त्यालाही सांगता येत नाही. बिलावर फक्त "पापलेट, 10 किलो". सुरमईचं तसंच. 370 हा किमान आकडा आहे; सुरमई पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा तिची लांबी त्याच्या दुपटीच्या आसपास गेलेली असते. ताटात गोल तुकडी छोटी आणि सुबक दिसावी म्हणून लहान सुरमई मागवणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

माहितीपत्रकावर 'सस्टेनेबल' लिहिलेलं असलं तर विचारा, कुणाचा दाखला? भारतात एमएससी, म्हणजे जबाबदार मासेमारीचं आंतरराष्ट्रीय, प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळालं ते केरळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला, 2014 मध्ये. कोकणातल्या सुरमईच्या खोक्यावर तसा शिक्का माझ्या तरी पाहण्यात नाही.

बंदरावर दाखला नसतो, पण मासा समोर असतो. गिलनेटमधल्या, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यातल्या, माशाच्या कल्ल्यांमागे दोऱ्याचा करकोचा पडलेला दिसतो. ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागे ओढत नेलेल्या, जाळ्यात दबून आलेल्याचे खवले खरवडलेले असतात, पोट मऊ लागतं. गळाची सुरमई जबड्याकडे बघून ओळखता येते. मासे गोळा करायला एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला केंद्राची 2017 पासून बंदी आहे. तो माल ओळखायची नजरेची युक्ती नाही, तिथे होडी ओळखीची असणं एवढाच उपाय.

त्रासही खरा आहे. लिलाव टोपलीने किंवा ढिगाने होतो, तुम्हाला लागणारी चार किलो तिथे कुणी तोडून देत नाही. आपण बोलीत उतरलो की भाव उगाच चढतो. म्हणून एखाद्या विक्रेत्या मावशींशी नातं जोडावं हे बरं. त्या ढीग घेतात, त्यातला आपला वाटा आपण घेतो, वर त्यांचा नफा आनंदाने देतो. होडी ठरवायची असेल तर दोन ठरवा, एक बंद पडतेच.

बिलाचं कोडं बहुतेकांना अडवतं. ताज्या मासळीवर जीएसटी नाही. रोखीचं म्हणाल तर 1961च्या आयकर कायद्यात एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांवर रोख दिली की खर्च नामंजूर व्हायचा, पण मासळी खुद्द मच्छीमाराकडून घेतल्यास 6डीडी नियमाने सूट होती. व्यापाऱ्याकडून घेतल्यास नाही. नव्या कायद्यातली तरतूद आपल्या सीएकडून तपासून घ्या. आपलं व्हाउचर बुक ठेवा: तारीख, होडीचं नाव, आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, मासा, वजन, जाळ्याचा प्रकार, सही किंवा अंगठा. गाडीवाल्याच्या बिलापेक्षा यात जास्त माहिती येते.

बर्फात मात्र कंजुषी नको. उन्हाळ्यात किलोला किलो, कुटलेला. लादी टाकली की मासा चेपतो आणि मध्ये पोकळी राहते. तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ, आणि पेटीचं बूच उघडं, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जातं. पाण्यात पडलेला मासा तासाभरात लिबलिबीत होतो. बांगडा, सुरमई, कुपा यांत तर धोकाच आहे. उबेत पडले की त्यांत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं आणि ते शिजवून, तळून जात नाही. चेहरा लाल झालेला पाहुणा मसाल्याला दोष देतो, कारण पेटीत असतं.

भावाची तुलना करताना गोठवलेल्या तुकड्यांचं वजन तसंच धरू नका. एक किलो तुकड्या थंड पाण्याच्या धारेखाली धरा, वरची बर्फाची साय गेली की पुसून पुन्हा तोला. बंदरावरच्या अख्ख्या सुरमईत किलोमागे डोकं-पोट जाऊन साधारण पाऊण किलो उरतं, पण ते डोकं कालवणाला येतं. बर्फाच्या सायीचं काही होत नाही.

बंदर निवडलं तर मेनूकार्ड बदलावं लागेल, यातून सुटका नाही. 'आजची मासळी' अशी पाटी, खडूने लिहिलेली. पापलेट मोठं घेऊन तोलावर विकायचं, दोघांत एक. सुरमई नसेल त्या दिवशी सौंदाळे, मोदकं, ढोमी. पुण्याहून आलेली मंडळी पहिल्या दिवशी कुरकुरतात, हे मान्य. पन्नास माणसांचं लग्न किंवा कंपनीची सहल असेल, सगळ्यांना एकसारखं ताट हवं असेल, तर गाडीच बरी. तिथे बंदराचा हट्ट धरू नये.

कोळंबी मी अजूनही पुरवठादाराकडूनच घेईन. तळ्यातली, एका मापाची, आणि तळं कुठलं ते सांगता येणारी असेल तर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. त्या काळात 'ताजी सुरमई' म्हणून कुणी आणून दिली तर आधी तारीख विचारा, मग भाव. पाटीवर त्या दोन महिन्यांत खाडीची बोय, शेवटे, तिसऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी लिहावी.