सीजे-थ्रीबी जीपच्या मागच्या शाफ्टचे क्रॉस बदलले : मे ते फेब्रुवारी

जुनी महिंद्रा जीप चालवणाऱ्याला ‘टक’ काय ते सांगायला नको. क्लच सोडला की टक, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा टक. ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ म्हणून आपण सोडून देतो. माझ्या सत्तरच्या दशकातल्या पेट्रोल सीजे-थ्रीबीला मात्र टकच्या जोडीला हळू चालवताना खालून चिवचिव सुरू झाली होती. शिवाय उतारावर हँडब्रेक लावला तरी गाडी आधी बोटभर सरकायची, मग टक करून थांबायची.

हे सरकणं नीट समजून घ्या. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, ती ताकद मागे नेणारी फिरती नळी, म्हणजे शाफ्ट, जिथे सुरू होतो तिथे ड्रम असतो, ब्रेक त्याच्यावर लागतो. म्हणजे उभी गाडी थोपवून धरायची ती मागच्या शाफ्टने आणि त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसनी, म्हणजे शाफ्टला तिरकं फिरू देणाऱ्या चार दांड्यांच्या सांध्यांनी. क्रॉस ढिले झाले की उभ्या गाडीतही कळतं. आणि म्हणूनच क्रॉस बदलायला शाफ्ट सोडला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळी. चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय कुणीही खाली शिरू नये. गॅरेजमध्येसुद्धा हे विसरणारे पाहिलेत.

तपासायला फार काही लागत नाही. एका हाताने शाफ्ट, दुसऱ्याने पलीकडचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा) धरून उलटसुलट पिळायचं. क्रॉसपाशीच प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला की निकाल लागला. माझ्याकडे त्याहून सोपी खूण होती, क्रॉसच्या दांड्यांवरच्या टोप्यांच्या, म्हणजे कपांच्या कडेला साचलेली तांबूस पूड. आतलं ग्रीस संपून नीडल (कपातल्या बारीक सळ्या) कोरड्या फिरायला लागल्या की हीच पूड बाहेर येते. क्रॉस उघडल्यावर त्याच्या दांड्यांवर नीडलच्या मापाच्या खाचा दिसल्या, नखाला लागतील इतक्या खोल. जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे तो चांगलाच तिरका बसतो आणि क्रॉसना प्रत्येक फेऱ्यात जास्त हलावं लागतं. स्प्रिंगचे पाटे चढवून गाडी उंच करणाऱ्यांनी हा तिरकेपणा आणखी वाढतो हेही लक्षात घ्यावं.

काम मे महिन्यात आमच्या कराडच्या मेस्त्रींनी केलं, मी शेजारी बसून होतो. कप अडकवून ठेवणाऱ्या कड्या, म्हणजे सर्क्लिप काढल्या, मग व्हाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप मावेल एवढा मोठा सॉकेट धरून जुने कप दाबून काढले. हातोड्याने ठोकूनही निघतात, पण योकचे कान वाकले तर नवा क्रॉस कधीच सरळ बसत नाही. नवे कप बसवताना नीडल ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या ठेवाव्या लागतात. एका कपात एक नीडल आडवी पडली, तर कप शेवटचा थोडासा आत जाईना आणि सर्क्लिप खाचेत बसेना. अशा वेळी जोर लावणारा मेस्त्री असला तर तिथेच थांबवा. आमच्यांनी कप परत काढला, नीडल उभी केली, मग सर्क्लिप आपसूक टिक करून बसली. त्यानंतर क्रॉस आवळून बसला होता, योकच्या कानांवर दोन हलके ठोके दिल्यावर तो बोटाने फिरू लागला. मागच्या टोकाला, डिफरन्शियलकडच्या (मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या पेटीकडच्या) यू-बोल्टांचे नटही पान्याला लोंबकळून आवळायचे नसतात, कप चेपतो.

खरी गोम वेगळीच निघाली. शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन बाण कोरलेले असतात, ते समोरासमोर यायला हवेत. आमचे येत नव्हते. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी स्प्लाइन, म्हणजे या जोडाचा दातेरी भाग, एक-दोन दाते चुकवून घातली होती. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा मंद होतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तर मागचा क्रॉस हा चढउतार भरून काढतो. नसले तर तोच हादरा सीटपर्यंत येतो. पन्नासच्या आसपास जी थरथर आम्ही टायरवर ढकलत होतो, ती बाण जुळवल्यावर गेली. नुसते क्रॉस बदलून ती जाणार नव्हती.

क्रॉस ग्रीस निप्पलवाले (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड असलेले) घेतले, पुण्याच्या नाना पेठेतून. सीलबंद क्रॉसचा दांडा पोकळ नसतो, म्हणून तो मजबूत, असं दुकानदार सांगतात आणि ते खरंही आहे. पण अमेरिकन इंजिनिअर क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली पेटंट घेतलं तेच मुळी सांध्याला आवरण घालण्याचं, आणि जीपचा सगळा प्रश्न आजही आत काय राहतं नि काय शिरतं याचाच आहे. आम्ही पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जातो, ओढे ओलांडतो. सीलबंद क्रॉसमध्ये एकदा पाणी शिरलं की करण्यासारखं काही उरत नाही. निप्पलवाल्यात चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस गन मारायची, पाणी बाहेर. पहिल्या मोठ्या पावसानंतर गन मारली तेव्हा आधी दुधाळ ग्रीस आलं, मग स्वच्छ. तेवढ्यासाठी निप्पल हवंच. फक्त बसवतानाच निप्पल शाफ्टच्या नळीकडे तोंड करून आणि सगळे एका ओळीत येतील असे बघा, नाहीतर गन पोचवायला दर वेळी गाडी अर्धा फेरा ढकलावी लागते.

आता फेब्रुवारी. चिवचिव पूर्ण बंद. उतारावरचं सरकणं नावापुरतं. टक मात्र संपूर्ण गेला नाही, अर्ध्याहून कमी झाला. उरलेला डिफरन्शियलच्या दात्यांतला आणि झिजलेल्या स्प्लाइनचा आहे. क्रॉस बदलले की सगळं शांत होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. क्रॉसचा खर्च काही शे रुपयांचा, तो वाचवायला ढिल्या कपावर वेल्डिंगचा ठिपका मारून देणारे भेटतात. उष्णतेने नीडलची वाट लागते आणि पुढच्या वेळी योकही कापावा लागतो.

पुढच्या शाफ्टचे क्रॉस अजून जुनेच आहेत, फोर व्हील क्वचित लागतं म्हणून. मागचा शाफ्ट काढलेला असताना फोर व्हील टाकून पुढच्या चाकांवर गाडी लेथवाल्यापर्यंत नेली होती, तेव्हा त्यांचीही खडखड ऐकू आली. स्प्लाइनचा भाग नवा मिळाला की दोन्ही शाफ्ट एकदमच उघडणार आहे.