आठ शनिवारांचा इंट्यूटिव्ह ईटिंग कोर्स केला, पैसे वसूल झाले का ते सांगते

आधीच सांगून टाकते, वजन उतरवायला म्हणून हा कोर्स घेणार असाल तर नका घेऊ. माझं वजन आधी होतं जवळपास तेवढंच आहे, आणि तरी मी पाचपैकी साडेतीन स्टार देतीये. आता ते कसं काय, ते जरा सविस्तर लिहिते कारण जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

कोर्स एका डाएटिशियन मॅडमचा, ऑनलाईन, शनिवारी संध्याकाळी दीड तास, फी साडेसहा हजार. बॅचमध्ये आम्ही वीसेक जणी आणि एक काका, जे कॅमेरा कायम बंद ठेवून बसायचे पण प्रश्न सगळ्यात भारी तेच विचारायचे. नाशिकच्या दोघी, एक कोल्हापूरची, एक न्यू जर्सीहून जॉईन व्हायची, तिची तेव्हा सकाळ असायची. मॅडमचं नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारी पण लिहिणार आहे आणि बाई मनाने खरंच चांगल्या आहेत.

इंट्यूटिव्ह ईटिंग, म्हणजे शरीराचं ऐकून खाणं, ही पद्धत मॅडमची स्वतःची नाही, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं हे आवडलं. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश नावाच्या दोन अमेरिकन डाएटिशियन आहेत, त्यांनी 1995 साली पुस्तक लिहून ही पद्धत मांडली, त्यात दहा तत्त्वं आहेत, कोर्स त्याच दहावर चालतो. थोडक्यात काय, तर डाएट सोडा, भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, कुठलाच पदार्थ पापी नाही, आणि तब्येतीचा विचार करा पण सगळ्यात शेवटी. ऐकायला इतकं सोपं वाटतं की ह्याला साडेसहा हजार कशाला असं नवरा म्हणालाच. पण त्याने आयुष्यात कधी डाएट केलेलं नाही, त्याला काय कळणार.

ज्यांनी केलंय त्यांना कळेल. माझं सगळं करून झालंय बघा. ते सात दिवसांचं, ज्यात चौथ्या दिवशी नुसती केळी आणि दूध, बाकी कोबीचं सूप. मग कीटो, भाताऐवजी किसलेला फ्लॉवर, त्याचा वास आठवला तरी नको होतं. सकाळी जिऱ्याचं पाणी, मग व्हिनेगरचं पाणी. कॅलरी मोजायचं ॲप, ज्यात आमटी एक वाटी टाकली की ते विचारणार कुठली आमटी, आणि लिस्टमध्ये आमटी नाहीच, सांबार आहे. दीक्षितांचं दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवायचं ते ऑफिसमधली एक मैत्रीण करते, तिला छान जमतं, तिने सोडायचं काही कारणच नाही. प्रश्न तिचा नाही, प्रश्न माझ्यासारखीचा, जिच्या डोक्यात चोवीस तास आता काय खाऊ आणि आत्ता खाल्लं त्याचं काय करू हेच चालू असतं. डोंबिवलीहून गाडी पकडली की घाटकोपर येईपर्यंत डब्याचा हिशोब.

पहिल्या सेशनला मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून मी जरा गारच पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या संशोधकाने 36 धडधाकट तरुण मुलांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, मुलं स्वतःहून तयार झालेली, उद्देश हा की युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं ते कळावं. वजन पाव हिश्श्याने उतरलं, ते होणारच. पण मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली, ताटल्या चाटायला लागली, एकेक जेवण तासभर चघळत बसायची, चिडकी आणि उदास झाली, दुसऱ्या कशात लक्षच लागेना. आणि त्यांना दिवसाला किती कॅलरी मिळत होत्या? साधारण 1570. माझ्या ॲपने मला 1200 दिल्या होत्या. म्हणजे रात्री अकराला उठून रव्याच्या लाडवाचा डबा उघडणारी मी काही लोचट नव्हते, शरीर आपलं काम करत होतं. ह्या एका गोष्टीसाठी मी फीचा अर्धा भाग वसूल धरते.

दुसऱ्या आठवड्यात भुकेची पट्टी. शून्य म्हणजे चक्कर येईल इतकी भूक, दहा म्हणजे श्वास घेता येत नाही इतकं पोट भरलंय, तीन-चारला जेवायला बसा, सहा-सातला उठा. वही करायची, कॅलरी लिहायच्या नाहीत, फक्त आकडा आणि मूड. इथे माझं पहिलं भांडण. ज्यांनी वर्षानुवर्षं आकडे लिहिलेत त्यांना परत आकडे लिहायला लावलेत, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळ्याजणी "मी साडेसहाला थांबले, चालेल का" विचारतायत. हे परत डाएटच झालं ना! मॅडमनी चार दिवसांनी दखल घेतली आणि वही बंद करा म्हणाल्या, पण ते आधीच कळायला हवं होतं, बाईंची ही काही पहिली बॅच नव्हती.

आणि भूक पट्टीवर तीनला आली की जेवा हे कोणाला जमणार हो? मला ऑफिसात एकला लंच, तेव्हा भूक असो नसो डबा खायचा, नाहीतर मग सहापर्यंत मीटिंगा. ह्यावर मॅडमचं उत्तर मात्र प्रॅक्टिकल होतं, की पुढे वेळ मिळणार नाही हे माहीत असताना भूक नसतानाही थोडं खाऊन घेणं ह्यात बसतं, भूक हा कायदा नाहीये. हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

सगळ्यात जास्त कामाचा आठवडा चौथा. प्रत्येकीने आपल्याला बंदी असलेला एक पदार्थ निवडायचा आणि तो घरात भरपूर आणून ठेवायचा, हवा तेव्हा खायचा, फक्त बसून आणि चव घेऊन. कोणी चॉकलेट घेतलं, कोल्हापूरवाल्या ताईंनी फरसाण, काकांनी (कॅमेरा बंद) श्रीखंड. मी भात घेतला. हसू नका. मी कोकणातल्या घरातली आहे, आमच्याकडे भात म्हणजेच जेवण, आणि मी कित्येक वर्षं रात्री भाताला हात लावलेला नव्हता, सगळ्यांना वाढायचा आणि स्वतः अर्धी भाकरी आणि काकडी. सासूबाई रोज विचारायच्या, भाताशी तुझं काही वैर आहे का.

तर पहिल्या रात्री आंबेमोहर लावला. वरण, तूप, मीठ, लिंबू. किती खाल्ला ते सांगत नाही. दुसऱ्या रात्री पण तेवढाच, तिसऱ्या रात्री पण, आणि मला वाटायला लागलं की संपलं सगळं, आता ही अशीच फुगत जाणार. मॅडमना रात्री मेसेज केला तर उत्तर एक ओळीचं, "उद्या पण लावा." पुढच्या आठवड्यात कधीतरी भात पानात होता आणि माझं लक्ष शेवग्याच्या आमटीकडे होतं, भात निम्मा खाऊन मी उठले आणि उठल्यावर लक्षात आलं. शास्त्रात ह्याला हॅबिच्युएशन म्हणतात म्हणे, तीच गोष्ट रोज हाताशी असली की मेंदूची त्यातली उत्सुकता ओसरते, बंदी घातली की ती ओसरायला वेळच मिळत नाही. सगळ्यांचं असं झालं नाही हेही लिहिते, फरसाणवाल्या ताईंनी मधेच सोडलं कारण घरात फरसाण आणलं की मुलं संपवायची, त्यांच्या वाट्याला उरायचंच नाही, मग कसलं हॅबिच्युएशन.

आता मोठी तक्रार. हा कोर्स असं गृहीत धरतो की माणूस एकटा जेवतो. आपण एकटे जेवतो का? पानात टाकायचं नाही हे आपल्याला अ आ इ ई च्या आधी शिकवलेलं आहे, पोट भरलं तरी पान स्वच्छ झालंच पाहिजे. आणि आग्रह! मॅडम म्हणाल्या नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. मॅडम कधी आमच्या सांगलीच्या मावशीकडे जेवल्या नाहीयेत हे त्यावरून कळलं, तिथे नाही म्हणेपर्यंत दुसरी पुरणपोळी पानात असते आणि वर तूप. लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला समोर उभा राहिला की पट्टीवरचा सहा आणि सात काय करणार. ह्यावर अख्खं एक सेशन पाहिजे होतं, मिळाली दहा मिनिटं. शेवटी न्यू जर्सीवालीनेच उपाय सांगितला, पहिल्यांदा वाढताना अगदी थोडं घ्यायचं म्हणजे दुसऱ्यांदा मागून घेता येतं आणि वाढणारा पण खूश. साधी गोष्ट आहे, पण मला उपयोगी पडली.

टोमणेवाल्यांचं सेशन ठीक होतं. "बरी दिसतेस हो आता", "अगं किती सुटलीस", "बारीक झालीस, काही आजार वगैरे?" ही वाक्यं सगळ्यांच्याच घरात सारखी निघाली, फार हसलो. उत्तर काय द्यायचं ते मात्र अजून कोणाला सापडलेलं नाही.

उपवासाचा प्रश्न काकांनी काढला. संकष्टीला दिवसभर उपाशी राहायचं म्हणजे भूक दाबणं झालं, मग ते सोडायचं का? मी म्हटलं आता मॅडम अडकल्या. पण त्यांनी उलट विचारलं, चतुर्थी गणपतीसाठी करता की वजनकाट्यासाठी? देवासाठी असेल, त्यात आनंद असेल तर बिनधास्त करा, पण उपवासाच्या नावाखाली डाएट चाललं असेल तर ते डाएट. चॅटमध्ये दोन मिनिटं सन्नाटा. मग कोणीतरी एकादशी दुप्पट खाशी टाकलं आणि सगळे सुटले. मी स्वतः गुरुवार सोडला त्यानंतर, कारण मला माझं उत्तर माहीत होतं.

शरीराचा आदर वगैरे जे सेशन होतं ते मला जरा इन्स्टाग्रामछाप वाटलं, आरशासमोर उभं राहून स्वतःला चांगलं बोला, मला ते बोलताना फिस्सकन हसूच येतं. पण त्यातलं एक काम केलं, न होणारे कपडे कपाटातून काढले. टेलरकाका ब्लाउजला आत माया ठेवतात, मी इतकी वर्षं ती उसवू दिली नव्हती, बारीक झाल्यावर होईलच म्हणून. आता चार ब्लाउज उसवून आणले. हात वर करता येतो.

आता शुगर. हे जरा गंभीरपणे वाचा. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, दोन्ही काकांना आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीत भारतात 10.1 कोटी लोकांना डायबेटिस आहे असं आलंय. आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा तो फोटो माहीत असेल, 2004 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, 22.3, पण युडकिन ह्यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या 21.2 टक्के. म्हणजे बाहेरून आटोपशीर दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या आत काय चाललंय ते वेगळंच. असं असताना पोषणाचं तत्त्व सगळ्यात शेवटी, आठव्या शनिवारी, तेही घाईघाईत, हे मला पटलं नाही. त्यामागचं लॉजिक समजतं, आधी नियम सांगितले तर डाएट करकरून पोळलेली माणसं त्याचं पुन्हा डाएट करतात. अमेरिकेत ठीक असेल. आमच्या घरात शुगर वाट बघत बसत नाही. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या तुमच्या डॉक्टरांशी बोला. बोलणारच आहे, पण मग फॉर्ममध्ये शुगरबद्दल एक रकाना तरी ठेवा! इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाने भूक लागेपर्यंत थांबायचं ठरवलं तर शुगर धाडकन खाली जाऊ शकते, त्यांना वेळेवरच खावं लागतं. बॅचमध्ये अशी कोणी होती का हे कोणी विचारलंच नाही. आणि ज्यांचं खाण्याशी खरोखर आजारपणाचं नातं आहे, उलट्या काढणं वगैरे, त्यांनी ग्रुप कोर्स नको, नीट मानसोपचारवाल्यांकडेच जावं.

ह्या पद्धतीवरचं संशोधन मी थोडं चाळलं. मन शांत होतं, अधाशासारखं खाणं कमी होतं ह्याच्याशी ती जोडलेली दिसते, पण बराचसा अभ्यास पाश्चात्त्य देशांतल्या बायकांवरचा आणि प्रश्नावली भरून घेऊन केलेला, आणि वजन उतरतं असं काही ठाम निघत नाही. मॅडम हे सेशनमध्ये सांगतात. मग जाहिरातीत आधीचा फोटो नंतरचा फोटो कशाला? ह्याचाच अर्धा स्टार कापलाय. दहा तत्त्वांतलं पहिलं डाएटची मानसिकता सोडा, आणि गिऱ्हाईक पकडायला तीच मानसिकता. उरलेला एक आग्रह आणि शुगरचा.

शेवटच्या सेशननंतर "ॲडव्हान्स" कोर्सची लिंक आली, बारा हजार. भूक ओळखण्यात ॲडव्हान्स काय असतं मला कळलं नाही, घेतला नाही. दुसऱ्या सेशननंतर रिफंड नाही हेही आधी विचारून घ्या, बारीक अक्षरात आहे.

ज्यांची अनेक डाएटं करून झालीत, ज्यांच्या घरात कोणी शुगरचा पेशंट असला तरी स्वतःचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, त्यांनी जरूर करा. ज्यांना डाएट म्हणजे काय ते नीट माहीतच नाही त्यांनी साडेसहा हजारांची चांगली भाजी-फळं आणा. पुढची बॅच गणपती झाल्यावर आहे, फी वाढणार म्हणतायत. रेकॉर्डिंगचं स्वस्त पॅकेज पण आहे पण ते घेऊ नका, त्यात प्रश्न विचारता येत नाहीत, आणि काकांचे प्रश्न काढले तर ह्या कोर्समध्ये निम्मंच उरतं.