इंटरफेसेस फाइल, नेटप्लॅन की नेटवर्कमॅनेजर? लांबच्या सर्व्हरला पक्का आयपी देण्याआधी

लिनक्स सर्व्हरला पक्का आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) कसा द्यायचा, असं विचारलं की प्रत्येक जण आपापल्या डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराची, बाजू घेतो. डेबियनवाले म्हणतात, एक साधी फाइल आहे, तीत चार ओळी लिहा. उबंटूवाले नेटप्लॅनकडे बोट दाखवतात. रेड हॅट, अल्मा किंवा रॉकी वापरणारे ‘एनएमसीएलआय’ (नेटवर्कमॅनेजरची कमांड) म्हणून मोकळे होतात. खोटं कुणीच बोलत नाही, कारण शेवटी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सगळीकडून तेच सांगितलं जातं: या कार्डाला हा पत्ता, बाहेर जायची वाट या गेटवेतून.

मी मात्र निवडताना वेगळंच विचारतो. हातून चूक झाली आणि एसएसएच (लांबून मशीन चालवायची जोडणी) तुटलं, तर त्या मशीनसमोर कीबोर्ड घेऊन बसायला किती वेळ लागेल?

माझं उत्तर एकदा साडेपाच तास आलं होतं. पुण्यात बसून सांगली जिल्ह्यातल्या एका कार्यालयाच्या सर्व्हरचं नेटवर्क बदलत होतो आणि गेटवेच्या शेवटी १ ऐवजी ११ टाइप केलं. तिथे हजर असलेल्या शिपाईमामांना फोनवरून ‘व्हीआय’ या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं ते समजावून पाहिलं. मग मुकाट्याने एसटी पकडली.

तात्पुरतं आणि कायमचं

‘इफकॉन्फिग’ (कार्डाला पत्ता देणारी जुनी कमांड) १९८३च्या ४.२बीएसडी या युनिक्सपासून चालत आलेला आहे. लिनक्सवर त्याची जागा ‘आयपी’ या कमांडने घेतली, आणि २०१७च्या डेबियन ९पासून तर तो मुळात इन्स्टॉलच होत नाही, वेगळा टाकावा लागतो. जुन्या सवयीपायी टाकू नका. ‘आयपी ए’ (पत्त्यांसाठी) आणि ‘आयपी आर’ (रूट, म्हणजे वाटांसाठी) एवढ्या दोन कमांड पाठ झाल्या तरी रोजचं भागतं.

पण ‘इफकॉन्फिग’ने किंवा ‘आयपी’ने दिलेला पत्ता रीबूटनंतर पुसला जातो. नवशिक्यांना हा दोष वाटतो, मला सोय वाटते. लांबच्या मशीनवर काही करून बघायचं असेल तर आधी ‘शटडाऊन -आर +५’ द्यायचं, म्हणजे पाच मिनिटांनी मशीन आपोआप रीबूट होईल, आणि मग ‘आयपी’ने पत्ता किंवा रूट बदलून बघायचा. जमलं तर ‘शटडाऊन -सी’ने रीबूट रद्द. फसलं तर चहा घेऊन या, तोवर मशीन जुन्या पत्त्यावर परत आलेलं असतं. खालची कुठलीही पद्धत निवडा, ही युक्ती हाताशी ठेवा.

डेबियनची चार ओळींची फाइल

‘इफअपडाउन’ या डेबियनच्या साधनाची सगळी माहिती ‘/इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या एका फाइलीत असते. ‘ऑटो’ची एक ओळ, ‘आयफेस … इनेट स्टॅटिक’ची एक, मग पत्ता, मग गेटवे. मागे कुठलीही सेवा सतत चालू नसते, त्यामुळे फाइल उघडली की काय चाललंय ते कळतं. वर्षानंतर दुसऱ्या कुणी उघडली तरी कळतं, आणि हे सुख थोडं नाही.

खोच अशी की बदल करताना क्रम पाळावा लागतो. आधी ‘इफडाउन’ (कार्ड बंद), मग फाइल बदलायची, मग ‘इफअप’ (कार्ड चालू). लोक उलटं करतात: फाइल आधी बदलतात आणि नंतर ‘इफडाउन’ देतात. मग त्या बिचाऱ्याला नवीच माहिती वाचायला मिळते आणि जुना पत्ता कार्डावर तसाच चिकटून राहतो. लांबून काम करताना तर हा क्रम पाळणंही अवघड, कारण ‘इफडाउन’ दिल्या दिल्या आपणच बाहेर. इथे चूक आपोआप मागे घेण्याची काही सोय नाही. वरची रीबूटची युक्तीही इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण चुकीची फाइल सेव्ह झाली असेल तर रीबूटनंतर तीच वाचली जाते. म्हणून ‘अ‍ॅट’ने पाच मिनिटांनंतरचं एक काम लावून ठेवायचं: जुनी फाइल जागेवर कॉपी कर आणि रीबूट कर. सांगलीनंतर मी हे कधी चुकवलेलं नाही.

प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रणाली) वापरत असाल तर प्रश्नच मिटला. तिथे हीच फाइल चालते, पण मागे ‘इफअपडाउन२’ असतं आणि ‘इफरीलोड -ए’ दिलं की जेवढं बदललंय तेवढंच लागू होतं. तिथे दुसरं काही बसवायच्या भानगडीत पडू नका.

नेटप्लॅन: चांगलं, पण खाचाखोचा फार

उबंटूने ऑक्टोबर २०१७च्या १७.१०पासून नेटप्लॅन आणलं आणि १८.०४मुळे ते सगळीकडे पोचलं. नेटप्लॅन स्वतः नेटवर्क चालवत नाही. ‘/इटीसी/नेटप्लॅन’मधली यामल (सेटिंग लिहायची एक पद्धत) फाइल वाचून ते सिस्टमडी-नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क चालवणाऱ्या दोन साधनांपैकी एकासाठी सेटिंग लिहून देतं. सर्व्हरवर सहसा पहिलं, डेस्कटॉपवर दुसरं.

लांबून काम करणाऱ्यासाठी त्याची खरी किंमत ‘नेटप्लॅन ट्राय’ या एका कमांडीत आहे. नवी सेटिंग लागू होते आणि १२० सेकंद उलटी गिनती चालते. तेवढ्यात तुम्ही एंटर दाबला नाही, म्हणजे बहुधा तुम्ही बाहेर फेकले गेलात, असं समजून ते जुनी सेटिंग परत आणतं. ही कमांड त्या रात्री माझ्याकडे असती तर एसटीचं तिकीट वाचलं असतं. मात्र बाँड (अनेक कार्डं मिळून एक) किंवा ब्रिज (नेटवर्क जोडणारा पूल) यांचे खास पॅरामीटर बदलत असाल तर हे जाळं भरवशाचं नाही. ते बदल त्याला मागे घेता येत नाहीत.

आता खोचा. यामलमध्ये टॅब चालत नाही, जागा स्पेसनेच सोडायची, आणि एक स्पेस इकडेतिकडे झाली की अर्थ बदलतो. ‘गेटवे४’ शिकवणारे जुने लेख अजून फिरताहेत, पण तो शब्द आता बाद धरला जातो. त्याजागी ‘राउट्स’खाली ‘डिफॉल्ट’ लिहायचं. फोल्डरमध्ये दोन फाइली असतील तर त्या एकत्र वाचल्या जातात आणि पत्त्यांच्या याद्यांची बेरीज होते, म्हणून ‘जुना आयपी जातच नाही’ अशी तक्रार आली की आधी तिथे ‘एलएस’ करून फाइली बघाव्यात. क्लाउडवरच्या मशीनमध्ये तर ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल क्लाउड-इनिटने (नव्या मशीनची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या साधनाने) लिहिलेली असते. ती हाताने बदलून समाधान मानू नका, क्लाउड-इनिट ती पुन्हा लिहू शकतं. त्याचं नेटवर्कचं काम आधी बंद करावं लागतं.

सगळ्यात छळणारी खोच क्लोन केलेल्या व्हीएमची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची. एका मशीनच्या चार प्रती काढल्या, प्रत्येकीचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) वेगळा, तरी डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारा) चौघींना एकच आयपी देतो. कारण नेटवर्कडी ओळख म्हणून मॅक पाठवत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेला क्रमांक पाठवतं, आणि मशीन-आयडी प्रतीबरोबर कॉपी झालेला असतो. प्रत्येक प्रतीत तो नवा करा, किंवा ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक’ लिहा. आणि बूट होताना मशीन दोन मिनिटं अडकून बसत असेल, तर बहुधा केबल नसलेल्या पोर्टची वाट बघितली जात असते. त्या पोर्टखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहिलं की सुटका.

नेटवर्कमॅनेजर: लॅपटॉपवाला म्हणून हिणवू नका

रेड हॅटने २००४ मध्ये हे सुरू केलं ते लॅपटॉप आणि वायफायसाठी. सर्व्हरवाल्यांनी ते बरीच वर्षं पहिल्या झटक्यात काढून टाकलं. तो काळ गेला. रेड हॅट ९मध्ये जुन्या नेटवर्क-स्क्रिप्ट्सच उरलेल्या नाहीत, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची ओएससुद्धा २०२३च्या बुकवर्मपासून याच्यावर आली. ‘डीएचसीपीसीडी.कॉन्फ’ या जुन्या फाइलीत पत्ता लिहूनही पायचा आयपी बदलत नाही, असं म्हणणाऱ्यांची गाडी इथेच अडलेली असते.

इथे कार्ड आणि प्रोफाइल (सेटिंगचा संच) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं. एका कार्डासाठी दोन-तीन प्रोफाइल असू शकतात, चालू एक. ‘एनएमसीएलआय’च्या ‘कॉन मॉड’ने बदल फक्त लिहिला जातो, ‘कॉन अप’ म्हटल्यावरच लागू होतो. मधल्या वेळात शांतपणे वाचून बघता येतं, आणि मला हे आवडतं. नेहमीची चूक म्हणजे पत्ता लिहायचा आणि ‘आयपीव्ही४.मेथड’ ‘मॅन्युअल’ करायला विसरायचं. मग डीएचसीपीचा पत्ताही येतो आणि आपलाही, आणि कुठला पत्ता कुणाला दिसतोय याचा मेळ लागत नाही.

कमांड पाठ नसतील तर ‘एनएमटीयूआय’ उघडा. निळ्या-करड्या चौकटी, बाणांनी हलायचं, संपलं. शिपाईमामांनाही हे फोनवर सांगता आलं असतं.

परत येण्याची वाट इथेही आहे. नव्या आवृत्त्यांत ‘एनएमसीएलआय’चं ‘चेकपॉइंट’ आहे: त्याच्यामार्फत बदल करा, वेळेत होकार द्या, नाहीतर पूर्वस्थिती येते. कॉकपिट हे वेबवरून सर्व्हर सांभाळायचं साधनही याच सोयीवर चालतं, आणि तोडू शकणारा बदल केलात तर तुम्हाला आधी विचारतं.

कार्डाचं नाव

वरच्या तिन्हींत एक धोका समान आहे. २०१३च्या सुरुवातीला सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) १९७व्या आवृत्तीपासून ‘ईथ०’ जाऊन ‘ईएनपी३एस०’सारखी नावं आली. ‘पी३’ म्हणजे बस क्रमांक ३, ‘एस०’ म्हणजे स्लॉट ०. ही नावं न बदलणारी म्हणून ओळखली जातात, पण मशीनमध्ये नवं पीसीआय कार्ड टाकलं की बसचे क्रमांक सरकू शकतात, आणि काल ‘ईएनपी३एस०’ असलेलं आज ‘ईएनपी४एस०’ होतं. सेटिंग जुन्या नावावर, पोर्ट नव्या नावाने. नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’खाली मॅक पत्ता देऊन हे टाळता येतं, नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइललाही मॅक जोडता येतो. इंटरफेसेस फाइल मात्र मुळात नावावरच चालते, तिथे मॅकवरून पक्कं नाव देण्याची सोय वेगळी करून ठेवावी लागते.

फ्रीबीएसडीवर (ते लिनक्स नव्हे, वेगळी युनिक्ससारखी प्रणाली) असाल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे ‘इफकॉन्फिग’च अजून राजा आहे आणि सगळं ‘आरसी.कॉन्फ’मध्ये मावतं. एवढंच लक्षात ठेवा की ‘सर्व्हिस नेटिफ रीस्टार्ट’ने डिफॉल्ट रूट उडतो, म्हणून त्याच ओळीत पुढे ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ जोडायचं.

मग घ्यायचं काय? उबंटू सर्व्हर असेल तर नेटप्लॅन, आणि हात ‘अप्लाय’कडे (परतीची वाट न ठेवता लागू करणाऱ्या कमांडकडे) वळला तरी ‘ट्राय’च टाइप करायचं. रेड हॅटच्या घराण्यातलं काहीही असेल तर नेटवर्कमॅनेजर, तिथे दुसरा पर्याय शोधणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. वायफाय किंवा जागा बदलणारं मशीन असेल तर डिस्ट्रो कुठलाही असो, नेटवर्कमॅनेजरच. डेबियनवर एक कार्ड, एक पत्ता, आणि मशीन शेजारच्या खोलीत असेल तर चार ओळींची फाइल सोडून दुसरीकडे जायचं काही कारण नाही. तेच मशीन दोनशे किलोमीटरवर असेल, तर पत्ता बदलायच्या आधी ‘अ‍ॅट’चं काम लावा, ‘अ‍ॅटक्यू’ने ते खरंच रांगेत लागलंय ना ते बघा, आणि मगच फाइल उघडा.