फॅन्टसी कादंबऱ्या की हॉरर पिक्चर? आधी कशात पडायचं ते ठरवताना

दोन्हीकडे राक्षस, दोन्हीकडे जुने शाप, त्यामुळे लोकांना वाटतं एक आवडलं की दुसरं आपोआप आवडणार. तसं अजिबात होत नाही. टॉल्किन तोंडपाठ असलेली माणसं हॉरर लागला की उठून किचनमध्ये जातात, आणि रात्री दोनला एकटं बसून एक्झॉर्सिस्ट बघणाऱ्यांना ड्रॅगन म्हटलं तरी हसू येतं. मी दोन्हीकडची, त्यामुळे 'यात पडायचं म्हणतोय, आधी काय घेऊ' हे मला कायम विचारलं जातं, आणि मी उत्तर देते ते समोरच्याची आवड बघून नाही, त्याला कशाचा वैताग कमी येतो ते बघून. फॅन्टसी कादंबरी सुरुवातीला छळते, हॉरर पिक्चर शेवटी. यातला कुठला छळ चालेल तेवढं ठरवा, बाकीचं नंतर बघता येतं.

आधी फॅन्टसी. टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्सच घ्या ना. १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेलं पुस्तक, खरं तर एकच मोठी कादंबरी, पण युद्धानंतर कागद महाग म्हणून तिचे तीन तुकडे करून छापले. उघडल्यावर समोर काय येतं, तर हॉबिट नावाचे बुटके लोक कसे राहतात, बिळासारख्या घरांत का राहतात, चिलमीत कुठली पानं ओढतात याची प्रस्तावना. मग बिल्बो नावाच्या हॉबिटच्या वाढदिवसाची पार्टी. मग त्याची जादूची अंगठी त्याच्या वारसाकडे, फ्रोडोकडे येते आणि घराबाहेर पडायला हा पठ्ठ्या सतरा वर्षं लावतो, सतरा, पिक्चरमध्ये ते दोन-चार दिवसांत उरकल्यासारखं वाटतं. निघाल्यावर जरा वेग येतोय तोच टॉम बॉम्बाडिल नावाचा गृहस्थ गाणी म्हणत हजर, ज्याचा मुख्य गोष्टीशी फारसा संबंध नाही आणि पिक्चरवाल्यांनी त्याला सरळ उडवलाय. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण जे टिकतात त्यांना शेवटी काय मिळतं बघा. अंगठीचा निकाल लागतो, राजाला राज्य मिळतं, आपल्याला वाटतं झालं, आणि चार हॉबिट घरी येतात तर गावाची पार वाट लागलेली. झाडं तोडलीत, गिरणी धूर ओकतेय, गावातलेच काही लोक गुंडांना सामील झालेत, आणि हे निस्तरायला जादूगार गॅन्डाल्फ येत नाही, तो आधीच्या वळणावरच निरोप घेऊन गेलेला असतो. हे सगळं पीटर जॅक्सनच्या २००३ च्या पिक्चरमध्ये नाहीच. वाचताना मात्र पोटात खड्डा पडतो, कारण पहिली शंभर-दीडशे पानं आपण त्या गावात कंटाळा येईपर्यंत राहिलेलो असतो, कुठलं झाड कुठे होतं ते सुद्धा आठवत असतं. पिक्चरला हे जमणं अवघडच, तेवढा वेळच नसतो त्याच्याकडे.

जॉर्ज मार्टिनच्या सिरीजचं सगळं उलटं. तिचा पहिला भाग अ गेम ऑफ थ्रोन्स (१९९६) पहिल्याच प्रकरणात जंगलातल्या बर्फात मेलेला माणूस उठवून उभा करतो, म्हणजे सुरुवात अगदी हॉररची, कंटाळा कुठे नाही, माणसं तर अशी की खलनायकाच्या बाजूने प्रकरण आलं की आपण त्याच्याही बाजूचे होतो. फक्त शेवट नाही. पाचवा भाग २०११ चा, सहाव्याची वाट लोक तेव्हापासून बघतायत, मधल्या मध्ये त्यावरची टीव्ही मालिका २०१९ ला संपली आणि तिच्या शेवटाला लोकांनी शिव्या घालूनही झाल्या. पॅट्रिक रॉथफस या लेखकाच्या सिरीजचंही तेच, दुसरा भाग २०११ ला आला आणि तिसऱ्याची नुसती चर्चा. त्यामुळे नवीन माणसाला मी पहिल्यांदा एकच विचारायला सांगते, सिरीज पूर्ण आहे का. व्हील ऑफ टाइम पूर्ण आहे, पण चौदा भाग आहेत आणि मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, शेवटचे तीन भाग त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने लिहिले. मधले काही भाग इतके रेंगाळतात की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसते.

आता हॉरर. इथे पहिल्या तासाची गोडी फॅन्टसीला कधीच जमणार नाही. दार आपोआप लागतं, पोरगी कोपऱ्यात बघून कोणाशी तरी बोलते, कुत्रा घरात यायला तयार नाही, बस, एवढ्यावर आपण पांघरुणात. भीती असते ती न दिसलेल्याची, म्हणूनच रिडली स्कॉटने एलियनमध्ये (१९७९) तो प्राणी इतका थोडा थोडा दाखवलाय. पण कधीतरी दाखवावं लागतंच, आणि त्याच्या आधी एखादा पाद्री, प्रोफेसर किंवा गावातली म्हातारी येऊन सगळा इतिहास समजावून सांगते, तिथे माझी भीती बरोबर निम्म्यावर येते. द कॉन्ज्युरिंग (२०१३) बघा, तो टाळ्या वाजवत लपाछपी खेळण्याचा प्रकार आणि अंधारातून आलेले ते दोन हात, आजही अंगावर काटा येतो, आणि शेवट काय, तर खुर्चीला बांधलेली बाई आणि मोठमोठ्याने मंत्र, जे १९७३ मध्ये एक्झॉर्सिस्टने करून ठेवलंय आणि जास्त चांगलं करून ठेवलंय. आपल्याकडच्या 'लपाछपी' या मराठी पिक्चरचं (२०१७) पण मला असंच झालं. भर दुपारी उसात भीती वाटवणं ही खरंच कमाल आहे, पूजा सावंतने कामही जोरदार केलंय, पण शेवटाकडे पिक्चर सांगायला लागतो. जे सांगतो ते शंभर टक्के खरं आणि गरजेचंच आहे, पण तेव्हा मी घाबरायची थांबलेली असते. दिग्दर्शक विशाल फुरियानेच २०२१ मध्ये त्याचा हिंदीत छोरी केला, मला मराठीच आवडतो.

ज्यांचे शेवट घट्ट आहेत असे हॉरर पिक्चर शोधले की एक गोष्ट दिसते, त्यांनी नियम आधी सांगितलेले असतात. तुंबाडमध्ये (२०१८) पहिल्या काही मिनिटांतच कळतं की हस्तर नावाच्या देवाने सोनं लाटलं पण धान्य त्याला मिळालं नाही. तेवढ्या एका गोष्टीवर सगळा पिक्चर उभा आहे, कणकेची बाहुली त्यातूनच येते, पिठाचं रिंगण त्यातूनच येतं, लोभाची उडी त्यातूनच येते आणि शेवट पण त्यातूनच. कोणी मध्येच येऊन काही समजावत बसत नाही. चांगली फॅन्टसी हेच करते, जादू काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही ते आधी सांगते. दिग्दर्शक राही अनिल बर्वेला यातलं मूळ बीज नारायण धारपांच्या कथेत सापडलं, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला त्यात घरचं काहीतरी लागतंच, आणि १०४ मिनिटांत संपतो हे वेगळं. पहिल्यांदा लागला तेव्हा थिएटरात फार चालला नव्हता, सप्टेंबर २०२४ ला परत लावला तेव्हा आधीपेक्षा जास्त कमावून गेला.

वेळेचा हिशोब सोपाय. वाईट हॉरर पिक्चर तुमचे दोन तास खातो, वाईट फॅन्टसी सिरीज महिना खाते, वर आपण एवढं वाचलंय तर संपवूच म्हणून आणखी एक महिना आपणच देतो. पण हॉररला घर रिकामं किंवा झोपलेलं लागतं, हेडफोन लागतात, अंधार लागतो, मध्येच कोणी 'जेवलीस का' विचारलं की संपलं. फॅन्टसी लोकलच्या गर्दीत उभ्याने पण वाचता येते. फक्त जाड भाग हातात धरवत नाहीत म्हणून किंडल घेतलं तर नकाशे धड दिसत नाहीत, ते आधी फोनमध्ये वेगळे सेव्ह करून ठेवा, कोण कुठून कुठे चाललाय हे नकाशाशिवाय कळत नाही.

इंग्रजीचा प्रश्न असेल तर हॅरी पॉटर मराठीत आहे, लॉर्ड ऑफ द रिंग्सही मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आणलंय. हॉररमध्ये तर मराठी वाचकाची चैनच आहे, धारप आहेत, मतकरी आहेत, भीती छापील पानातून हवी असेल तर पिक्चरकडे जायचीही गरज नाही. माझं मत विचाराल तर मतकरी जास्त टोचतात. धारपांच्या समर्थकथांमध्ये भुताखेतांशी लढणारे समर्थ आले की आपण निर्धास्त होतो, आणि निर्धास्त झाल्यावर हॉरर कसला, ती एक प्रकारची फॅन्टसीच झाली. वाईट अर्थाने नाही म्हणत, मला आवडतात त्या.

तर ज्यांना वेब सिरीजचे पहिले दोन एपिसोड बोअर झाले की बंद करायची सवय आहे त्यांनी हॉररपासून सुरुवात करा, तुंबाड आणि मग हिदेओ नाकाताचा रिंगू (१९९८), जो सगळं मिटलं असं वाटल्यानंतर खरा सुरू होतो. २००२ चा हॉलिवूड रिमेक वाईट नाहीये पण आधी जपानीच, सबटायटल लावून. ज्यांना उलट शेवट फसला की आठवडाभर चिडचिड होते त्यांनी फॅन्टसी घ्या, पण थेट हजार पानांवर उडी नको, उर्सुला ले ग्विनचं अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) घ्या. बारीक पुस्तक आहे, नियम एकच, ज्याचं खरं नाव कळलं त्यावर ताबा मिळतो, आणि एका पोराने गर्वाने बाहेर काढलेली सावली त्याच्याच मागे लागते. हे हॉररवाल्यांनाही चालतं. आणि दोघांनाही एक सांगते, इंटरनेटवर शेवट वाचून घेऊ नका, विशेषतः रिंगूचा.