जळका वास, न बदललेली क्लचप्लेट आणि माझी झालेली फसवणूक

गाडीतून जळका वास येतो म्हटले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणे किती सोपे असते याचा अनुभव मी नुकताच घेतला आहे. माझ्यासारखे आणखी कोणी फसू नये म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

गाडी तासभर चालवून सिग्नलला थांबलो की एसीच्या झरोक्यांतून करपलेल्या तेलासारखा वास येऊ लागे आणि गाडी पुन्हा वेगात आली की तो नाहीसा होई. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी हे सांगितले. तेथील मेकॅनिकने बॉनेट उघडले नाही, डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहिली नाही, वास केव्हा येतो हेही विचारले नाही. "एक फेरी मारून बघतो," असे म्हणून तो एकटाच गाडी घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी परत आला तेव्हा गाडीभोवती डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास पसरला होता. "साहेब, क्लचप्लेट पूर्ण जळाली आहे. वाटेत कुठेही बंद पडेल," असे त्याने सांगितले. क्लचप्लेट म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती.

तो वास वेगळा होता, हे मला त्याच क्षणी जाणवले होते. माझ्या गाडीत येणारा वास तेलकट होता आणि हा जळालेल्या कागदासारखा, कोरडा होता. तरीही मी गप्प राहिलो, कारण समोरचा जाणकार आहे असे मी गृहीत धरले होते. हॅन्डब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून अर्ध्या क्लचवर रेस दिली तर चांगली क्लचप्लेटही मिनिटभरात असा वास सोडते, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी असे मोठे बिल होते, पण त्यावर एकाही भागाचा क्रमांक नव्हता. बाकाखालून काढून एक काळीठिक्कर प्लेट मला दाखवण्यात आली आणि मी सहज तिचा फोटो काढून ठेवला. इंजिन आपुलकीने धुऊनही दिले होते. पाच दिवस वास आला नाही आणि सहाव्या दिवशी, त्याच सिग्नलला, तोच तेलकट वास पुन्हा आला.

या वेळी मी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले: वास थांबल्यावर येतो की चढावर, काचा बंद असताना की उघड्या असताना, चाकांजवळ जाणवतो की पुढून? मग इंजिन गरम असतानाच बॉनेट उघडून त्यांनी टॉर्चचा झोत मागच्या बाजूला टाकला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेवर तेलाचा एक थेंब फुगत होता. तो ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडला, बारीक चर्र असा आवाज झाला आणि दोऱ्यासारखा निळसर धूर वर आला. कव्हरखालचे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरले होते. गाडीच्या आत हवा घेणारी जाळी पुढच्या काचेच्या खालीच असल्यामुळे उभ्या गाडीत तो धूर थेट आत ओढला जात होता, आणि चालत्या गाडीत वाऱ्याबरोबर निघून जात होता. इंजिन धुतल्यावर पाच दिवस वास का थांबला, याचेही उत्तर मिळाले: साचलेले तेल निघून गेले होते, गळती तशीच होती. तेल पातळीच्या खालच्या खुणेपाशी आले होते, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल गळत राहिले तर गाडी पेटूही शकते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली.

त्यानंतर त्यांनी गाडी वर उचलून मला खाली बोलावले. गिअरबॉक्सला इंजिनाशी जोडणाऱ्या बोल्टांवर जुना चिखल आणि तेलाचा थर जसाच्या तसा होता. पान्याचा एकही ताजा ओरखडा नव्हता. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लचप्लेट बदलता येतच नाही. फोटोतल्या प्लेटच्या मधल्या भोकातले दात त्यांनी मोजले, तेव्हा ती माझ्या मॉडेलची नव्हतीच. माझी मूळ प्लेट ठीक आहे का, हेही त्यांनी मला शेजारी बसवून तपासले: वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना अॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढले. क्लच घसरत असता तर फेरे एकदम उसळले असते आणि वेग मागे राहिला असता. पॅकिंग बदलायला तासभरही लागला नाही.

वासांतला फरक त्यांनीच समजावून सांगितला. एकाच चाकाजवळ तिखट वास आणि धग असेल तर ब्रेक अडकलेला असण्याची शक्यता असते, गोडसर वास कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळतीचा असतो, घासलेल्या रबराचा वास बहुधा इंजिनावरच्या पट्ट्याचा. प्लॅस्टिक किंवा वायर जळल्यासारखा वास आला तर मात्र तपासत बसू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सगळ्यांनी उतरावे. माझी विनंती एवढीच की मेकॅनिक फेरी मारायला निघाला तर त्याच्या शेजारी बसा, गिअरबॉक्स उतरवल्यावर फोटो मागा आणि नव्या भागांचे खोके स्वतः पाहा.

बोल्टांचे फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आधी आवाज चढवला, मग "कामगाराची चूक झाली" असे म्हणून भागांचे पैसे परत केले. मजुरी दिली नाही. आम्ही बोलत असताना ती काळी प्लेट त्याच बाकाखाली पडलेली मला दिसत होती.