परसात गावरान खरबूज लावावं की चिबूड?

परसात एकाच वेलाला पसरायला जागा असेल तर गावरान खरबूज की चिबूड, हे खरबुजाचंच पावसाळी भावंड, हे ठरवावं लागतं. कोकणातल्या आमच्या परसात मी दोन्ही लावले आहेत. खरबुजात लखनऊ सफेदा आणि हरा मधू, चिबडाचं बी शेजारच्या वाडीतलं.

चवीत खरबूज पुढे, यात वादच नाही. हरा मधूचा हिरवट गर नीट पिकला तर वरून काही घालावं लागत नाही. चिबूड पिठूळ आणि बेताचाच गोड. त्याला गूळ आणि नारळाचा रस हवाच. पण खरबुजाचं ते ‘नीट पिकणं’ परसात जमवणं फार अवघड.

मुळात ते नदीपात्रातल्या वाळूचं पीक. वाळू पाणी धरून ठेवत नाही, मुळं खालच्या ओलीवर जगतात, म्हणून तिथलं फळ गोड उतरतं. फळ पिकायला लागलं की पाणी तोडावं लागतं, नाहीतर ते टपोरं होतं पण पाणचट निघतं. परसात हे पाळायचं कसं? एप्रिलच्या दुपारी पानं माना टाकतात, ते बघवत नाही. मन घट्ट केलं तरी बाजूच्या केळीला आणि अळवाला पाणी द्यावंच लागतं आणि त्यांची ओल वेलापर्यंत पोचते. मी वाफा उंच केला, वाळू मिसळली, थोडा फरक पडला. मग ऐन पिकायच्या वेळी वळवाची एक जोरदार सर येते. वास घमघमतो, देठ अलगद सुटतो, आणि फोड तोंडात टाकली की काकडी. माझं मन खरबुजावरून उतरलं ते या एका गोष्टीमुळे. देशावर, हलक्या निचऱ्याच्या जमिनीत, हा त्रास बराच कमी होत असावा. तिथे खरबूज जरूर लावावं.

चिबडाचं बी पहिल्या पावसावर टोकायचं आणि वेल मांडवावर नाहीतर गडग्यावर सोडायचा. पाण्याचा प्रश्नच नाही. गणपतीच्या सुमारास फळं पिकतात. गोव्यात तर ती माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला बांधतात. दोष एकच, फळ पिकलं की फुटतं. सालीवर बारीक चिरा दिसताच मी ते काढून केळीच्या सोपटाने (खोडाच्या वाळक्या सालपटाने) आवळून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खातो. ते टिकत नाही, लांब पाठवता येत नाही. घरच्यांसाठीच लावायचं तर मला तरी ही अडचण वाटत नाही. कोवळं फळ हाताशी असलं तर भाजीलाही चालतं.

फळमाशी दोघांनाही सोडत नाही, पावसाळ्यात जरा जास्तच. फळ लिंबाएवढं असतानाच कागदात गुंडाळावं आणि क्यू ल्युअरचा, म्हणजे नर माशांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावावा.

बी धरायचं असेल तर एक सांगतो. चिबूड, खरबूज, वाळूक ही एकाच जातीची भावंडं, जवळ फुलली की त्यांचा संकर होतो. नेहमीच्या खिरा काकडीशी मात्र होत नाही, तेव्हा ती शेजारी खुशाल लावा. खरबूज उन्हाळी आणि चिबूड पावसाळी घेतलं तर दोघांचं बी शुद्ध राहतं. ज्यांना दोन्ही सोडवत नाहीत त्यांनी तसं करावं. एकच घ्यायचं असेल तर येत्या मिरगाला चिबूड टोका.